नऊ की सव्वाआठ

"किती?" आप्पांनी विचारलं.

"थांबा की, अजून थेंब पडायलाय."

इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, टेबलावर उलटं ठेवलं होतं. त्याच्या खळग्यावर ग्रीस लावून काचेची चकती चिकटवलेली, आणि चकतीच्या भोकातून मी ब्युरेटच्या मापनळीनं शाई घातलेलं निळं रॉकेल सोडत होते. खळगा काठोकाठ भरला, काचेखालचा शेवटचा बुडबुडा निघून गेला आणि मी तोटी बंद केली.

"चौतीस पूर्णांक दोन सीसी. चारी खळगे सारखे."

"मग सपाट पिस्टन घातलं तर?"

मी वहीत आकडेमोड केली. "नऊ."

"आन् खोलगट?"

"सव्वाआठ."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पिस्टनचे दोन्ही संच वर्तमानपत्रावर मांडून ठेवले होते. चार सपाट डोक्याचे, चार डोक्यात वाटीसारखा खोलगटपणा असलेले. आप्पांनी एक सपाट पिस्टन उचलला, अंगठ्यानं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "नऊ."

ही गोष्ट सत्त्याण्णव सालची, नवरात्राच्या आधीची. आमचं गॅरेज कोल्हापुरात उद्यमनगरात होतं, आणि रंगराव लोहार म्हणजे माझे आप्पा हे शर्यतीच्या इंजिनांचे डॉक्टर समजले जायचे. सांगलीपासून बेळगावपर्यंतची पोरं त्यांच्याकडं गाड्या घेऊन यायची. मी त्यांची एकुलती एक मुलगी, विजयमाला. वय एकोणतीस, नोकरी कॉलेजात केमिस्ट्री शिकवण्याची. लग्नाचा विषय आईनं काढून काढून सोडून दिला होता. रविवारी मी प्रयोगशाळेतला ब्युरेट पिशवीत घालून गॅरेजवर जायचे. तिथं माप माझं आणि कान आप्पांचा, अशी आमची वाटणी होती.

नऊ म्हणजे काय, ते वर्गात सांगते तसं सांगते. पिस्टन खाली असताना वर जेवढी हवा मावते, ती पिस्टन वर गेल्यावर कितीपट दाबली जाते, तो हा आकडा. नऊ भांडी हवा एका भांड्यात कोंबली की नऊ. जितकं जास्त कोंबाल तितकं इंजिन तडफदार. पण शर्यतीच्या या गाडीला टर्बो होता, म्हणजे हवा आधीच पंख्यानं दाबून आत यायची. तिला वर आणखी नऊपट दाबलं तर पेट्रोल कधी कधी ठिणगीची वाट बघत नाही, आपणहून भडकतं आणि पिस्टनच्या डोक्यावर हातोडी बसते. त्याला नॉकिंग म्हणतात. सुरुवातीला त्याचा आवाज फार बारीक असतो, पत्र्याच्या डब्यात चार मोहऱ्या पडाव्यात तेवढाच. तो ज्याला ऐकू येतो तो वेळीच टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागं घेतो. ज्याला येत नाही, त्याच्या पिस्टनला भोक पडतं.

"आप्पा, सव्वाआठ करूया," मी म्हणाले. "पंपावरच्या पेट्रोलचा काय भरवसा न्हाई. नऊला एक चूक झाली की गेलं इंजिन."

"सव्वाआठला इंजिन झोपतं, माले. शर्यतीच्या चढाला अकरा वळणं हैत. हरेक वळणातनं निघताना टर्बो जागा हुईस्तवर गाडी कुणाच्या जिवावर पळायची? इंजिनाच्या सवताच्या जिवावरच की."

"पर ऐकायला लागंल. सारखं."

"मग ऐकायचं. कान हाय की आपल्याकडं."

हे वाक्य मी नंतर किती वेळा मनात घोळवलं याला गणती नाही. त्या दिवशी मात्र मी नजर वहीत घातली. कारण आप्पांना तो आवाज ऐकू येत नाही, हे मला ठाऊक होतं.

फेब्रुवारीतली गोष्ट. एका निपाणीच्या गाडीचं टायमिंग लावायला आम्ही चढावर गेलो होतो. आप्पांची पद्धत ठरलेली. तांब्याची एक नळी इंजिनाच्या ब्लॉकला बोल्टानं आवळायची, तिला रबरी नळी जोडून ती गाडीच्या आत घ्यायची आणि टोक कानात धरून ड्रायव्हरशेजारी बसायचं. मी मागच्या सीटवर वही घेऊन बसले होते. गाडीनं जोर धरला आणि मला, मागं बसलेल्या मला, नळीशिवाय मोहऱ्या ऐकू आल्या. आप्पा डोळे मिटून, नळी कानाला लावून म्हणाले, "स्वच्छ. अजून दोन डिगरी पुढं घे."

महिन्याभरात ती गाडी पिस्टनला भोक पडून परत आली. "पेट्रोलात रॉकेल," आप्पा म्हणाले आणि भोकाचा पिस्टन देवाच्या फळीवर नेऊन ठेवला. मग माझ्या ध्यानात एकेक गोष्ट यायला लागली. मनगटी घड्याळाचा गजर वाजत राहायचा आणि आप्पा पेपर वाचत बसायचे. कानापाशी डास गुणगुणला तरी हात उचलायचे नाहीत. बोललेलं सगळं ऐकू यायचं, बारीक आवाज तेवढे गेले होते. पस्तीस वर्षं उघड्या सायलेन्सरशेजारी उभं राहिल्याचं ते फळ होतं.

आणि ते मला विचारायला लागले होते. "माले, शेजारच्या लेथचं काय वाजतंय बघ." "माले, ही मोटर जरा ऐक, बेअरिंग पुढचं का मागचं?" मी सांगायचे आणि ते मान डोलवायचे. मला वाटायचं, बिचारे स्वतःचं उणं झाकायला बघतात. मीही ओळख दाखवत नव्हते. ज्या माणसाचा कान सगळ्या उद्यमनगरात गाजतो, त्याला तोंडावर कसं सांगायचं की तो आता गेला?

ही गाडी धैर्यशील इंगवल्याची होती. शिरोळकडचा उसाच्या घरातला मुलगा, जिभेवर साखर आणि पायात वारं. डिसेंबरात चढाची शर्यत होती आणि आप्पांनी त्याला आधीच सांगून टाकलं होतं, "ह्ये माझं शेवटचं इंजिन. ह्याच्यानंतर मी हात धुतले." शेवटचं इंजिन, तेही नऊचं, आणि ऐकायला बहिरा माणूस. सगळ्यांसमोर त्या पिस्टनला भोक पडलं असतं तर आप्पांची पस्तीस वर्षं त्याच भोकातून गेली असती. मला ते होऊ द्यायचं नव्हतं.

सपाट पिस्टन बसले.  दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मागच्या गल्लीतल्या गफूरभाईंकडं गेले. ते तांब्याच्या पत्र्याच्या गॅस्केट कापून द्यायचे. हेड आणि ब्लॉक यांच्यामध्ये जी गॅस्केट बसते ती एक मिलिमीटर जाड घेतली की हवेला तेवढी जागा जास्त मिळते, आणि पिस्टनला हात न लावता नऊचे सव्वाआठ होतात.

"रंगरावांनी जाड का मागितली?" गफूरभाईंनी विचारलं.

"त्यांचं त्यांना ठाऊक. मी आपला निरोप घेऊन आलो," मी म्हणाले. आमच्याकडं बायकाही 'आलो-गेलो'च म्हणतात, हसू नका.

आता बदलायची कधी, हा प्रश्न होता. आप्पा सकाळी आठापासून दिवे लागेपर्यंत गॅरेजमध्ये. सोमवारी सुट्टी, तरी एक चक्कर असायचीच. वर्षात एकच दिवस असा होता की ते गॅरेजकडं फिरकायचे नाहीत, तो म्हणजे खंडेनवमी. सकाळी हत्यारांची पूजा व्हायची. प्रत्येक पाना रॉकेलनं धुऊन, पुसून, पांढऱ्या कापडावर मांडायचा. आप्पा प्रत्येकाला आधी हळद, मग कुंकू लावायचे, झेंडूचं फूल ठेवायचे आणि दाराला कुलूप. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला सोनं वाटेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. आमच्या आजोबांच्या भात्यापासून चालत आलेला हा नेम. त्या दिवशी हत्यार विसावा घेतं, असं आप्पा म्हणायचे.

म्हणून मी तोच दिवस निवडला.

दुपारी जेवण झालं, आप्पा आडवे झाले. "कॉलेजातल्या आठवले बाईंकडं जाऊन येतो," असं आईला सांगून मी किल्ली घेतली. गॅरेजमध्ये झेंडूचा आणि उदबत्तीचा वास कोंडला होता. इंजिन अजून स्टँडवरच होतं, टर्बो जोडायचा बाकी होता. मी पांढऱ्या कापडासमोर उभी राहिले तेव्हा खरंच हात पुढं होईना. केमिस्ट्री शिकवणारी बाई मी, नवससायास करणारी नव्हे, तरी पुटपुटले, "माफ कर बाबा." आणि मोठा टॉर्क पाना उचलला.

दहा बोल्ट. हेड उचलताना कंबरेत कळ आली. पातळ गॅस्केट काढून वर्तमानपत्रात गुंडाळली, जाड बसवली, हेड ठेवलं आणि दहाही बोल्ट तीन फेऱ्यांत आवळले. मधून सुरू करायचं आणि बाहेर यायचं, आप्पांनी शिकवलं होतं तसं. पाना पुसून परत जागेवर ठेवला. पूजेच्या ताटातलं कुंकू घेऊन त्याला टिळा लावला, फूल ठेवलं. घरी येईपर्यंत मनावरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. आपण आपल्या बापाची अब्रू वाचवली, असं मला मनापासून वाटत होतं, ते का लपवू?

दसऱ्याच्या सकाळी आम्ही दोघंच आधी गेलो. आप्पांनी हत्यारांपुढं आपट्याची पानं ठेवली, हात जोडले आणि एकेक पाना उचलून कापडानं पुसायला लागले. टॉर्क पाना हातात घेतल्यावर थांबले. त्यावर कुंकू होतं, हळद नव्हती. घाईत माझ्या ते ध्यानातच आलं नव्हतं. ते इंजिनापाशी गेले. हेडच्या बोल्टांवरून, मग हेडखालच्या तांब्याच्या कडेवरून बोट फिरवलं, बोटाकडं बघितलं आणि ते कापडाला पुसलं.

"माले, काल दुपारी कुठं गेलीस?"

"आठवले बाईंकडं."

"बरं," आप्पा म्हणाले. मग पाना खाली ठेवून, "चल, गाडीत उतरवूया इंजिन. धैर्या यील आता."

त्यांना काय दिसलं असेल, याचा विचार मी दिवसभर टाळला. ते काही बोलले नाहीत, म्हणजे कळलं नसेल, अशी मनाची समजूत घातली.

पुढच्या रविवारी सकाळी जोतिबाच्या वाटेवरच्या चढाला जमलो. धैर्यशील, त्याचे दोन मित्र आणि दुसऱ्या गॅरेजचे तिघे मिस्त्री, रंगरावांचं शेवटचं इंजिन बघायला मुद्दाम आलेले. आप्पांनी धुतलेला सदरा घातला होता. त्यांच्या मांडीवर एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, तो मी आधी कधी बघितला नव्हता. वाटलं, चिवडाबिवडा असेल.

आप्पा ड्रायव्हरशेजारी बसले, मी मागं. त्यांनी जुनी रबरी नळी आत घेतली. टोक कानाला लावण्याआधी मान वळवून एकदा माझ्याकडं बघितलं. काहीतरी विचारावं तसं बघितलं. मी वही उघडून खाली बघत बसले.

गाडी सुटली. पहिली खेप, दुसरी, तिसरी. मी कान टवकारून बसले होते. एक मोहरी पडली नाही. इंजिन बिनघोर वर चढत होतं.

"स्वच्छ," आप्पा डोळे मिटून म्हणाले. तिन्ही खेपांना तेवढंच म्हणाले. डबा त्यांच्या मांडीवर तसाच, बंद.

खाली आल्यावर धैर्यशीलनं हेल्मेट काढलं. पोरगं मोठ्या अडचणीत सापडलं होतं. "आप्पा, राग धरू नगासा. गाडी वर गेल्यावर पळती, पर वळणातनं निघताना उठंना. झोपल्यागत वाटतीया. तुम्ही म्हणला हुतासा, नऊला..."

मिस्त्री एकमेकांकडं बघायला लागले. मग त्यांतल्या एकाची नजर माझ्यावर आली. गॅरेजमध्ये माप कोण घेतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

"माप माझं चुकलं," आप्पा म्हणाले.

"तसं न्हवं आप्पा..."

"माझंच चुकलं म्हणतोय न्हवं? पोरीनं आकडा बरोबर दिला हुता, मी जाड गॅस्केट घातली. म्हातारा झालो. ऱ्हाऊ दे आता हाय तसं. मोडणार न्हाई, येवढं लिहून देतो."

मी तोंड उघडलं होतं. त्यांनी हात किंचित वर केला आणि मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

गॅरेजवर परत आलो तेव्हा ऊन चढलं होतं. आप्पा स्टुलावर बसले, डबा टेबलावर ठेवला.

"पातळ गॅस्केट कुठं ठेवलीस?"

"माझ्या ट्रंकेत."

"खंडेनवमीला काढलीस."

मी मान हलवली. आणि मग इतके महिने दाताखाली धरलेलं एकदम तोंडातून गेलं. "मग काय करायचं हुतं मी? तुम्हाला ऐकू येत न्हाई, आप्पा! निपाणीच्या गाडीत मला मागं बसून ऐकू आलं, तुम्हाला नळी लावून आलं न्हाई!"

बोलले आणि हात तोंडावर गेला. जे लपवायला एवढा खटाटोप केला ते मीच त्यांच्या तोंडावर फेकलं होतं.

आप्पांनी डब्यावर हात ठेवला. "ठाऊक हाय," म्हणाले.

"काय ठाऊक हाय?"

"ऐकू येत न्हाई ते. निपाणीचा पिस्टन आला त्या दिवशी खात्री झाली. म्हणून तर देवाम्होरं ठेवला त्यो. दुसऱ्याचं इंजिन मोडलं माझ्या कानानं."

मला काही समजेना. "मग नऊ का म्हणालासा? ऐकू येत न्हाई तर नऊ कुणाच्या कानावर?"

त्यांनी डबा माझ्याकडं सरकवला. "उघड."

आत दवाखान्यातला असतो तसा स्टेथोस्कोप होता, पुढची चकती काढून तिथं तांब्याची नवी नळी बसवलेली. कानात घालायच्या बोंड्या विकतच्या नव्हत्या. पांढऱ्या नायलॉनच्या, लेथवर कातून, पॉलिश करून केलेल्या, लहानशा.

"सात-आठ म्हैनं तुला इचारतोय, ह्ये काय वाजतंय, त्ये काय वाजतंय," आप्पा म्हणाले. "एकदा बी चुकली न्हाईस. माझा कान तुझ्या वयात येवढा न्हवता. आज त्या सगळ्या मिस्त्र्यांच्या म्होरं तुला म्हणणार हुतो, माले, तू पुढं बस. मी मागं बसतो."

मी डब्याचं झाकण परत लावलं. "मला आधी का न्हाई सांगितलंसा?"

"सांगितलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

"मला न्हाई जमायचं, म्हटलं असतं."

"मग?"

बाहेर रस्त्यावरून एक टेंपो चढ चढत गेला. त्याच्या इंजिनात मोहऱ्या पडत होत्या. मला स्पष्ट ऐकू आल्या, आप्पांना नाही.

"आत्ता बसवूया पातळ गॅस्केट," मी म्हणाले. "धैर्याला बोलावून घेऊ. मी बसतो पुढं. मी ऐकतो, आप्पा."

आप्पांनी मान हलवली. "आता तू माझ्या काळजीनं ऐकशील. भ्यालेला कान खोटं ऐकतो, माले. मोहरी पडली नसताना बी त्याला पडल्यागत वाटतं." हा त्यांचा हट्ट होता. मला तो तेव्हा पटला नव्हता, आजही पटत नाही. पण त्यांच्यापुढं हट्टानं उभं राहायची वेळ खंडेनवमीच्या आधीची होती, आणि ती मी चोरून गॅस्केट बदलण्यात घालवली होती.

"चढावर डबा का उघडला न्हाईसा मग?" मी विचारलं. "निदान हातात तरी द्यायचा."

"देऊन काय उपेग?" आप्पा उठले आणि भिंतीवरचा कामाचा सदरा घेतला. "सव्वाआठला ऐकण्यासारखं असतंय काय?"

डिसेंबरात धैर्यशीलचा सातवा नंबर आला. इंजिन मोडलं नाही. पुढच्या वर्षी त्यानं गाडी पुण्याला नेली. रंगरावांचा हात गेला, असं उद्यमनगरात लोक म्हणाले. कान गेला असं कुणी म्हटलं नाही, ते गुपित तेवढं माझ्याकडं सुखरूप राहिलं. गॅरेज एका ग्रिलवाल्याला भाड्यानं दिलं. मी कॉलेजात केमिस्ट्रीच शिकवत राहिले. आप्पा आणखी बारा वर्षं होते. त्यांनी हा विषय पुन्हा काढला नाही, आणि मलाही काही ऐकायला कधी सांगितलं नाही. माझ्या जिवाला लागलं ते हे दुसरं.

ते गेल्यानंतर त्यांचं कपाट आवरताना डबा सापडला. रबर कडक होऊन तडकलं होतं, बोंड्या मात्र तशाच पांढऱ्या. बारा वर्षांत एकदाही मी त्या कानात घातल्या नव्हत्या. आई आत झोपली होती. मी पलंगाच्या कडेला बसून त्या कानात घातल्या.

उजवी बोंडी डावीपेक्षा केसभर बारीक होती. माझ्या उजव्या कानाचं भोक अरुंद आहे, कापसाचा बोळासुद्धा त्या बाजूला नीट बसत नाही, पण हे मी कुणाला कधी बोलले नव्हते. दोन्ही बोंड्या नेमक्या बसल्या. चार खळग्यांत थेंबाचा फरक राहू नये म्हणून मी आयुष्यभर ब्युरेट धरला. आप्पांनी माझ्या कानाचं माप कधी घेतलं, ते मला कळलंच नव्हतं. मी तशीच बसून राहिले. तांब्याच्या नळीचं दुसरं टोक माझ्या मांडीवर पडलं होतं आणि ते लावायला घरात एकही इंजिन नव्हतं.